कुत्र्याच्या अंगावरचे गोचीड पुन्हा पुन्हा का येतात आणि त्यात पैसे कोठे वाया जातात

आमच्या घरी सहा वर्षांपासून भुऱ्या नावाचा एक गावठी कुत्रा आहे. त्याच्यावर होणारा खर्च मी किराण्याच्या वहीतच मागच्या पानांवर लिहीत आलो आहे आणि दोन वर्षांपूर्वी, त्याच्या आजारपणाचे एक मोठे बिल भरून झाल्यावर, ती पाने मी प्रथमच सलग वाचली. खाण्याचा खर्च अपेक्षेपेक्षा कमी निघाला, कारण ज्वारीची भाकरी घरात रोज होतेच आणि तिला अंडे किंवा बिनमसाल्याचे उकडलेले चिकन यांची जोड दिली की त्याचे भागते. रेबीजची वार्षिक लस आणि जंताची गोळी या नोंदी किरकोळ होत्या. मात्र पावडर, साबण, शांपू, गळ्यातला पट्टा, इंजेक्शन, पुन्हा शांपू, रक्ततपासणी, सलाईन अशी जी रांग दर दोन-अडीच महिन्यांनी वहीत उमटत होती, ती मिळवून पाहिली तेव्हा वर्षाच्या एकूण खर्चातील निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या गोचिडांच्या नावावर पडत असल्याचे दिसले. कुत्र्याचा खर्च कमी करायचा म्हणून खाण्यात किंवा लसीत कपात करणाऱ्यांनी आधी हा आकडा काढावा, असे मला वाटते.

तक्रारीचे स्वरूप

तक्रार बहुतेक घरांत सारखीच असते. कुत्र्याच्या कानात, बोटांच्या बेचक्यांत आणि मानेखाली गोचीड दिसतात. औषधी साबणाने आंघोळ घातली जाते किंवा पावडर चोळली जाते. दोन-तीन आठवडे अंग स्वच्छ राहते आणि मग एके दिवशी पुन्हा तेवढेच, कधी त्याहून जास्त, गोचीड लागलेले असतात. औषध बनावट होते असा निष्कर्ष काढून पुढच्या वेळी दुसरे, बहुधा महागडे, औषध आणले जाते आणि त्याचेही तेच होते. खानदेशात हा फेरा मार्चपासून सुरू होऊन दिवाळीपर्यंत चालतो आणि थंडीत थोडा मंदावतो, म्हणून ‘या वर्षी गेले एकदाचे’ असा समज होतो.

माझी पहिली चूक याहूनही वेगळी होती. आमचे घर पाचोरा तालुक्यातील एका गावात आहे; जुने धाब्याचे बांधकाम, लाकडी चौकटी आणि लागूनच दोन म्हशींचा गोठा. शेजारच्या आबांनी भुऱ्याचे कान पाहून ‘ह्या म्हशीना गोचीड शेतस’ (हे म्हशींचेच गोचीड आहेत) असे ठामपणे सांगितले आणि मला ते इतके पटले की एक अख्खा उन्हाळा मी म्हशींवर आणि गोठ्यावर फवारण्या करण्यात घालवला. म्हशींचे बरे झाले, भुऱ्याचे काही झाले नाही. गाई-म्हशींवर सर्वाधिक आढळणारा गोचीड वेगळ्या जातीचा असतो आणि तो पिल्लाच्या अवस्थेपासून प्रौढ होईपर्यंत एकाच जनावराच्या अंगावर राहतो. कुत्र्याला छळणारा तपकिरी गोचीड, ज्याचे शास्त्रीय नाव ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस असे आहे, तो कुत्र्याचेच रक्त पसंत करतो आणि आयुष्यात तीन वेळा कुत्र्यावर चढून तीन वेळा खाली उतरतो. सगळी मेख या उतरण्यात आहे.

दोन महिन्यांचे गणित

रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली राखाडी मादी कुत्र्याच्या अंगावरून गळून पडते आणि अंडी घालण्यासाठी अंधारी, आडोशाची फट शोधते. या जातीची एक विशेष सवय अशी की ती वर चढते. म्हणून तिची अंडी जमिनीपेक्षा भिंतीच्या भेगांत, चौकटीच्या मागे, छपराच्या कडीपाटात अधिक सापडतात. एक मादी काही हजार अंडी घालते आणि मग मरते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत त्यांतून सहा पायांची, मोहरीहून बारीक पिल्ले बाहेर पडतात, कुत्र्यावर चढून काही दिवस रक्त पितात, उतरतात, फटीत कात टाकतात आणि आठ पायांची होऊन पुन्हा चढतात. तेच आणखी एकदा घडले की प्रौढ गोचीड तयार होतो. हवा गरम असेल तर हा सारा प्रवास साधारण दोन महिन्यांत पूर्ण होतो, आणि माझ्या वहीतल्या नोंदींमधले अंतरही जवळपास तेवढेच होते.

याचा अर्थ असा की ज्या दिवशी आपण कुत्र्याला औषधी आंघोळ घालतो, त्या दिवशी त्याच्या अंगावर असलेले गोचीड ही एकूण संख्येतील लहानशी तुकडी असते. मोठा साठा अंडी, पिल्ले आणि उपाशी प्रौढ अशा रूपांत घरातच दडलेला असतो. प्रौढ गोचीड न खाता कित्येक महिने तग धरू शकतो. साबणाचा परिणाम काही तास, पावडरीचा फार तर काही दिवस. त्यानंतर फटींतून बाहेर येणाऱ्या पुढच्या तुकडीला अडवणारे काहीच नसते.

आधी पाहणी, मग खरेदी

मी पुढचे औषध आणण्याआधी दोन रात्री टॉर्च घेऊन बसलो. रात्री दहाच्या सुमारास भुऱ्या जेथे झोपतो त्या ओसरीच्या भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, चार-पाच गोचीड सरळ रेषेत वर चढताना दिसले. ते जेथे नाहीसे होत होते ती जागा म्हणजे दाराची चौकट आणि भिंत यांमधली, पोस्टकार्ड जाईल एवढी फट. सकाळी भाजी चिरायच्या जुन्या सुरीचे पाते त्या फटीतून ओढले तेव्हा पात्यावर खसखशीसारखी चकाकणारी तपकिरी रास आली. बोटाने दाबल्यावर ती चिकट लागली आणि मी हात धुवायला पळालो. तेव्हापासून मी कोणालाही दुकानात जाण्याआधी ही सुरी फिरवायला सांगतो.

दुसरी जागा बाज निघाली. भुऱ्या दुपारी बाजेखाली झोपतो आणि त्या बाजेच्या सुतळीच्या गाठी उलगडून पाहिल्या तर प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या गाठीत एखादा चपटा, उपाशी गोचीड बसलेला होता. तिसरी जागा त्याच्या अंथरुणाची, म्हणजे कपाशीच्या जुन्या बारदानाची. पाहणी करताना कुत्र्याच्या अंगावरचा प्रत्येक काळा ठिपका गोचीड समजू नये, हेही येथे सांगून ठेवतो. नर कुत्र्याच्या पोटावरही स्तनाग्रे असतात आणि ती गोचीड समजून चिमट्याने ओढणारे लोक मी प्रत्यक्ष पाहिले आहेत.

सापडलेला गोचीड काढताना तो चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. नखांनी चिरडू नये, काडीने चटका देऊ नये, रॉकेल लावू नये.

औषधावरचा खर्च कसा मोजावा

दुकानात औषध निवडताना आपण पाकिटावरची किंमत पाहतो आणि तेथेच फसतो. किमतीला औषध जितके दिवस टिकते त्या दिवसांनी भागावे. फ्लुरालॅनर या घटकाची चघळायची गोळी सुमारे १२ आठवडे काम करते, सॅरोलॅनरची सुमारे ३५ दिवस आणि अफोक्सोलॅनरची महिनाभर. मानेवर थेंब टाकायचे फिप्रोनिल साधारण महिन्याने पुन्हा टाकावे लागते. इमिडाक्लोप्रिड आणि फ्लुमेथ्रिन असलेला पट्टा आठ महिन्यांपर्यंत चालतो, परंतु तो पिशवीतून काढून नुसता गळ्यात अडकवून भागत नाही. पट्टा आणि मान यांत दोन बोटे जातील एवढाच सैल ठेवावा लागतो, नाहीतर औषध केसांत उतरतच नाही. माझ्या वहीत असा एक पट्टा हारासारखा लोंबत वाया गेल्याची नोंद आहे.

गोळी पाहताना जी रक्कम डोळ्यांत भरते तिची तुलना तीन महिन्यांतील शांपू, पावडर, इंजेक्शन आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांच्या बेरजेशी करावी. आमच्याकडे ती बेरीज गोळीच्या दुपटीच्या आसपास गेली होती.

गोळीतही बचतीच्या दोन जागा आहेत. पहिली वजनाची. फ्लुरालॅनरच्या गोळ्या १० ते २० किलो आणि २० ते ४० किलो अशा गटांत मिळतात आणि गट बदलला की किंमत बदलते. कुत्रा अंदाजे बावीस किलोचा असेल असे म्हणून मोठी गोळी घेण्याआधी त्याचे वजन करावे. आमच्याकडे भुसार दुकानाच्या काट्यावर भुऱ्याला उचलून उभे राहिलो आणि नंतर माझे वजन वजा केले. तो साडेअठरा किलो भरला. उलट, मोठी गोळी घेऊन ती दोन लहान कुत्र्यांत तोडून देण्याची युक्ती कोणी सुचवली तर ती स्वीकारू नये. या गोळ्या न तोडता द्यायच्या असतात. दुसरी जागा वेळेची. फ्लुरालॅनर जेवणाबरोबर दिले तरच नीट शोषले जाते आणि मे महिन्यात, भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो तेव्हा, कुत्री दुपारी अन्नाला तोंड लावत नाहीत. म्हणून गोळी संध्याकाळच्या जेवणातच द्यावी. सुटी, पाकिटाविना किंवा बॅच क्रमांक खोडलेली गोळी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

ही सर्व औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावीत. ज्या कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल त्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे, कारण फ्लुरालॅनरच्या गटातील औषधांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात अशी सूचना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिलेली आहे. गुरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन कुत्र्याला अंदाजाने टोचणे ही आपल्याकडची सर्रास चालणारी ‘बचत’ आहे. तपकिरी गोचिडावर त्याचा भरवसा नाही आणि कोलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना ते जीवघेणे ठरते.

याहून घातक प्रकार म्हणजे कपाशीवरच्या फवारणीतून उरलेले कीटकनाशक बादलीभर पाण्यात थेंबभर टाकून त्याने कुत्र्याला धुणे. आपल्या भागात प्रत्येक घराच्या माळ्यावर अशी अर्धी बाटली असते, म्हणून हे स्पष्ट लिहितो. कुत्रा अंग चाटतो, औषध पोटात जाते, लाळ गळते, अंग थरथरते आणि मग रात्री गाडी करून तालुक्याला पळावे लागते. त्या एका रात्रीच्या खर्चात वर्षभराच्या गोळ्या आल्या असत्या.

घर आणि अंगण

या भागाला पैसे कमी लागतात आणि श्रम जास्त, त्यामुळे तोच सर्वांत जास्त टाळला जातो. बारदान जाळून टाकले आणि त्याच्या जागी धुता येईल अशी जुनी सुती चादर दिली; ती दर आठवड्याला उकळत्या पाण्यात घालून उन्हात टाकली जाते. बाजेची सुतळी सोडून सांगाड्यावर उकळते पाणी ओतले. चौकटीची फट, भिंतीच्या भेगा आणि ओसरीच्या फरशीचे सांधे आधी तारेच्या ब्रशने कोरून काढले आणि नंतर सिमेंटने भरले. दोन दिवसांचे काम आणि सिमेंटची एक लहान पिशवी एवढ्यात ते झाले. कोरून निघालेला भुगा अंगणात झटकू नये, तो साबणाच्या पाण्यात टाकावा.

फटी भरण्याआधी त्यांत पशुवैद्यकाने सांगितलेले गोठा-फवारणीचे औषध, आमच्या बाबतीत डेल्टामेथ्रिन, बाटलीवरच्या प्रमाणात पाण्यात मिसळून मारले. ही फवारणी दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागते, कारण तिने अंडी मरत नाहीत आणि पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून तेवढ्या काळात पिल्ले बाहेर येतात. बहुतेकांची मोहीम या दुसऱ्या फवारणीआधीच थंडावते. औषध वाळेपर्यंत कुत्रा, कोंबड्या आणि मुले दूर ठेवावीत, हातमोजे घालावेत, आणि घरात मांजर असेल तर अधिकच जपावे, कारण या गटातील औषधे मांजरांना फार बाधतात. गोठ्याच्या भिंतीवर जाळाचा झोत फिरवण्याची जुनी पद्धत काही जण अजून सुचवतात. जवळ कडबा आणि डोक्यावर लाकडी धाबे असताना ती अजिबात अवलंबू नये.

वेळापत्रक मी सणांना बांधून घेतले आहे, त्यामुळे ते चुकत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, माहेरवाशिणी यायच्या म्हणून घर आवरले जातेच, तेव्हा पहिली गोळी आणि पहिली फवारणी. आखाजी आटोपल्यावर दुसरी फवारणी. श्रावणात कानबाई या आमच्याकडच्या देवीच्या सणासाठी घराला रंग-चुना होतो, तेव्हा नव्याने पडलेल्या भेगा बुजवणे आणि दुसरी गोळी. पोळ्याला म्हशी धुतल्या जातात त्या दिवशी ओसरीही धुऊन निघते, आणि दिवाळीच्या सुमारास गरज वाटली तरच तिसरी गोळी.

एक सूचना विचित्र वाटेल, पण ती सर्वांत उपयोगी ठरली. गोळी दिल्यानंतर कुत्र्याची झोपायची जागा बदलू नये आणि त्याला ‘घर निर्मळ होईपर्यंत’ शेतावर बांधू नये. घरात दडलेले उपाशी गोचीड त्याच्याच वासाने बाहेर येतात, गोळी घेतलेल्या कुत्र्याला चावतात आणि साधारण दिवसभरात मरतात. कुत्रा शेतावर गेला तर ते फटीत वाट पाहत बसतात. याच कारणाने पहिल्या महिना-दोन महिन्यांत कुत्र्यावर अधूनमधून गोचीड दिसत राहतात. ते जिवंत व फुगलेले आहेत की वाळून चिकटलेले, हे पाहावे. वाळलेले असतील तर औषध काम करीत आहे आणि नवे विकत घेण्याचे कारण नाही.

ताप आला तर

गोचिडांवर होणारा खरा मोठा खर्च आजाराचा असतो. त्यांच्या चाव्यातून एर्लिकिया आणि बबेसिया या सूक्ष्मजीवांचे रोग होतात, ज्यांना आपण सरसकट ‘गोचीडताप’ म्हणतो. जेवण सोडणे, ताप, हिरड्या फिक्या पडणे, पोटावर बारीक लाल ठिपके, नाकातून रक्त, गडद लघवी यांपैकी काही दिसले तर थांबू नये. उन्हाळ्यात मात्र ‘ऊन लागले असेल’ म्हणून चार दिवस काढले जातात आणि तेवढ्यात बिल तिप्पट होते. यावर स्वस्त उपाय म्हणजे घरात एक साधा डिजिटल थर्मामीटर कुत्र्यासाठी वेगळा ठेवणे. निरोगी कुत्र्याचे गुदद्वारातून घेतलेले तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. रात्रभर गारव्यात झोपलेल्या कुत्र्याचे पहाटेचे तापमान १०३ च्या वर असेल तर ते उन्हाचे नव्हे असे समजून त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

एर्लिकियासाठी सहसा डॉक्सिसायक्लिन दिले जाते आणि ते साधारण २८ दिवस चालते. येथे माझी दुसरी चूक. भुऱ्या पाचव्या दिवशी भाकरी मागू लागला आणि दहाव्या दिवशी मी गोळ्या थांबवल्या. उरलेली पट्टी कपाटात ठेवली आणि पैसे वाचवल्याचे समाधान मानले. दीड महिन्याने एका सकाळी त्याच्या नाकातून रक्त ठिबकताना दिसले. पुन्हा तपासणी, पुन्हा गोळ्या आणि या वेळी आठवडाभर सलाईनही; लेखाच्या सुरुवातीला ज्या बिलाचा उल्लेख केला ते हेच.

दुसऱ्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. मी गोळी दुधात कुस्करलेल्या भाकरीत घालून देत होतो. दुधातील कॅल्शियममुळे हे औषध कमी शोषले जाते, असे पशुवैद्यकांनी सांगितले. तेव्हापासून ती उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यात जाते आणि वरून भुऱ्या पाणी पिईल हे पाहिले जाते, कारण कोरडी गोळी घशात अडकली तर अन्ननलिकेला जखम करते. पशुवैद्यकाने चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून दिले तर हेच डॉक्सिसायक्लिन जनऔषधी केंद्रात बरेच स्वस्त मिळते. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यांनाही तपासतात आणि तेथील शुल्क नाममात्र असते; सकाळी लवकर गेलेले बरे, कारण नंतर डॉक्टर गावोगावच्या जनावरांसाठी बाहेर पडतात. रेबीजची लसही तेथेच विचारावी. ६ जुलै (जागतिक प्राणिजन्य रोग दिन) आणि २८ सप्टेंबर (जागतिक रेबीज दिन) या दिवसांच्या आसपास अनेक ठिकाणी लसीकरणाची शिबिरे भरतात.

चार महिन्यांनंतरही फुगलेले गोचीड दिसत असतील तर

तीन शक्यता तपासाव्यात. गोळीचा कालावधी संपून गेला असेल. तारीख कॅलेंडरवर लिहिलेली नसेल तर हा संशय पहिला घ्यावा. एखादी फट सुटली असेल, बहुधा पाण्याच्या टाकीमागची किंवा जिन्याखालची, म्हणजे जेथे आपण वाकून पाहत नाही ती. किंवा दारात येऊन झोपणारे दुसरे एखादे कुत्रे असेल. आमच्या बाबतीत हे तिसरे कारण निघाले: गल्लीतली एक कुत्री रोज दुपारी आमच्याच ओट्यावर विसावा घेत असे. तिला हाकलणे कोणालाच पटले नाही. चार घरांनी मिळून वर्गणी काढली आणि तिलाही गोळी सुरू केली; प्रत्येक घराच्या वाट्याला आलेली रक्कम एका शांपूच्या बाटलीपेक्षा कमी होती. दर रविवारी भुऱ्याचे कान, मान आणि पंजे तपासून सापडलेल्या गोचिडांचा आकडा कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहितो. मागच्या कानबाईच्या रविवारी तेथे २ लिहिलेले आहे, आणि दोन्ही वाळलेले होते.